वडील हयात असल्याबद्दल खुलासा

॥ श्री ॥

मुलींचे वसतिगृह, सोलापूर
२० जुलै २०२५

ती. वैजयंती आत्यास,
उत्कर्षाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. माझा फोन लागत नाही म्हणून तू बाबांना सारखी विचारतेस असं कळलं. फोन बिघडलेला नाही, जमा आहे. आमच्या रेक्टर गुरम्मा मॅडमच्या कपाटात तो माझ्यापेक्षा सुखात राहतो. रविवारी संध्याकाळी अर्धा तास हातात मिळतो, तोही त्यांच्या टेबलासमोर उभं राहून बोलायचं. शिष्यवृत्तीधारक मुलींनी मोबाइल वापरू नये असा नियम आहे. पत्र लिहू नये असा नियम नाही, कारण नियम करणाऱ्यांना पत्र नावाची वस्तू आठवलीच नाही. त्यांच्या लक्षात येईपर्यंत लिहून घेते.

प्रतिष्ठानची पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली म्हणून तू कुर्डुवाडीच्या रेल्वे कॉलनीत घरोघर पेढे वाटलेस. आता ती पूर्ण म्हणजे किती पूर्ण ते ऐक. फी माफ, राहणं-जेवण माफ, पुस्तकं माफ. त्याबदल्यात एक निळी नियमपुस्तिका मिळाली आहे आणि ती रसायनशास्त्रापेक्षा पाठ करायला अवघड आहे. हजेरी पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली गेली की शिष्यवृत्ती बंद. एका विषयात जरी नापास झालं तरी बंद. विषय बदलायचा नाही. गॅदरिंगच्या नाटकात काम करायचं नाही, त्यानं अभ्यास बिघडतो. पाहुणे आले की ओवाळणीचं ताट घेऊन दोन-दोन तास फाटकात उभं राहायचं, त्यानं मात्र बिघडत नाही. आणि राहायचं वसतिगृहातच. बाबांची खोली चिंचोळीला, एका बसच्या अंतरावर, पण भेट महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, बागेत. बाग म्हणजे चार कुंड्या आणि एक बाक. बाबा त्या बाकावर असे अंग चोरून बसतात की जणू बाकाचंही भाडं द्यायचं आहे.

तू शिवलेला मोरपंखी ड्रेस मी विश्वस्त आले त्या दिवशी घातला होता. आमचे समन्वयक सिद्धराम सर मला बाजूला घेऊन फार मायेनं म्हणाले की बाळ, देणगीदारांना आपली देणगी योग्य ठिकाणी गेली असं वाटायला हवं, तू ते जुनं काहीतरी घाल. तेव्हापासून ड्रेस पेटीत आहे आणि मी गरजू दिसते आहे.

माझी खोलीतली मैत्रीण नाजनीन इथलीच, शहरातली. तिच्या अब्बांची रिक्षा आमच्या खिडकीखालून जाते. ते हॉर्न वाजवतात, ही पडदा हलवते. हॉर्नबद्दल नियम नाही.

कळावे. तुझा लोभ आहेच, तो हजेरीप्रमाणे पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
उत्कर्षा


कुर्डुवाडी
२८ जुलै २०२५

चि. उत्कर्षास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पोस्टमननं दारात पाकीट दिलं तेव्हा तुझे आतोबा दचकलेच. रिटायर झाल्यापासून त्यांना पोस्टानं येतात ती फक्त रेल्वेचं काहीतरी देणं राहिल्याची पत्रं. तुझं अक्षर बघून त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी माझ्याआधी पत्र वाचून काढलं.

नियम वाचून मला नवल वाटलं नाही गं. मी सासरी आले तेव्हा हेच होते. माहेरी कधी जायचं ते ठरलेलं, नवी साडी कधी नेसायची ते ठरलेलं, पाहुण्यांपुढं ताट घेऊन उभं राहणं तर रोजचंच. आणि सगळ्यांनी येताजाता सांगायचं की किती नशीबवान आहेस. फरक एवढाच की मला फी माफ नव्हती, ती तुझ्या आजोबांनी भरली. तुला निदान शेवटी पदवी मिळणार आहे. मला गुडघेदुखी मिळाली. तेव्हा तोंड बंद ठेव, पुस्तक उघडं ठेव आणि राग आला की मला लिही. मी वाचून तुझ्या वतीनं दोन शिव्या देत जाईन.

तुझ्या बापाचं काय सांगू? तुझी आई गेली तेव्हा सांगोल्याकडची ती कोरडी जमीन सोडून तुला कडेवर घेऊन तो चिंचोळीच्या टॉवेलच्या कारखान्यात आला. भाकरी करायला माझ्याकडूनच शिकला. पहिल्या भाकरीचा आकार नकाशातल्या कुठल्या तरी देशासारखा होता. आता कारखान्यात एक माणूस असा नाही ज्याला त्यानं तुझी शिष्यवृत्ती ऐकवली नाही. सप्टेंबरात प्रतिष्ठानचा मोठा कार्यक्रम असतो, पालकांना बोलावतात म्हणे. त्यासाठी त्यानं पांढरा शर्ट शिवून घेतलाय आणि आतापासून इस्त्री करून ठेवलाय. माझ्या लग्नात त्यानं फाटकी चड्डी घातली होती, हे त्याला सांगू नकोस.

पोटभर जेव. हसत राहा, पण विश्वस्तांसमोर नको, उगाच सुखी दिसशील.

इकडचा लोभ न मागता मिळतो, अर्ज करावा लागत नाही.

तुझी आत्या,
वैजयंती


सोलापूर
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

यावेळी थट्टा करायला जमेल की नाही माहीत नाही, पण सवयीनं होईलच.

सप्टेंबरच्या कार्यक्रमात कृतज्ञतेचं भाषण करायचा मान मला मिळाला आहे. मान म्हणजे भाषण सिद्धराम सरांनी लिहिलेलं आणि आवाज माझा. मंजूर झालेलं भाषण शब्द न बदलता वाचावं, हा नियम आहे. दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य आहे की आईपाठोपाठ वडिलांचंही छत्र हरपलं आणि मी या जगात पोरकी झाले.

मला वाटलं, टायपिंगची चूक. सरांकडे गेले. म्हटलं, सर, माझे वडील आहेत, दुसऱ्या रविवारी तुम्ही त्यांना बागेत बघता. सरांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

ते म्हणाले की फॉर्म मी बरोबर भरला होता, आई नाही, वडील कामगार. पण माझ्या वाट्याची देणगी सुंदरम्मा नावाच्या वृद्ध बाई देतात. सुताचा मोठा व्यापार आहे त्यांच्याकडे. त्यांचे वडील लहानपणी गेले आणि शाळा सुटली. म्हणून आई-वडील दोन्ही नसलेल्या मुलीलाच त्या शिकवतात. या वर्षी तशी मुलगी मिळाली नाही आणि दुसऱ्या कुठल्या देणगीत पूर्ण जागा शिल्लक नव्हती. मला अर्धी मिळाली असती. सर म्हणाले, अर्ध्या वसतिगृहात तू राहिली असतीस कशी? मी तुझ्या भल्यासाठीच केलं. आत्या, वाईट हे आहे की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. पूर्ण शिष्यवृत्तीला पूर्ण अनाथ मुलगी लागते, मी अर्धीच होते, उरलेलं त्यांनी पुरं करून दिलं.

नाजनीनला सांगितलं तर ती म्हणाली, तुझे तर सरळ गेले, माझे अब्बा माहितीपत्रकात पाच महिने अंथरुणाला खिळलेत, आणि खिडकीखाली हॉर्न वाजवतात. ती हसली, मीही हसले.

मी नाही म्हटलं तर शिष्यवृत्ती जाणार. वाचलं तर बाबा जाणार. आणि ते तो पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसायला येणार आहेत. त्यांना यातलं काही कळवू नकोस, तुला माझी शपथ आहे. काय करू ते मात्र लवकर लिही.

तुझी, सध्या पूर्णपणे पोरकी,
उत्कर्षा


कुर्डुवाडी
३० ऑगस्ट २०२५

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

शपथ घातलीस ती मी दोन दिवस पाळली. तिसऱ्या दिवशी तुझ्या बापाचा, अभिमन्यूचा, फोन आला, कार्यक्रमाला पायात चप्पल चालेल का बूट लागतील असं विचारत होता. माझा बांध फुटला. म्हटलं, अरे अभ्या, मेलेल्या माणसाला कसले बूट? मग सगळंच सांगावं लागलं. तू रागावणार. रागाव.

त्या सिद्धराम सरांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, आमच्या घरात अजून चार-पाच माणसं जादा आहेत. माझ्या सासूबाई नव्वदीच्या आहेत आणि रोज सकाळी मला नावं ठेवतात. कागदावर कुणाला कमी करायचंच असेल तर रांगेत आधी त्यांना घ्या.

चेष्टा राहू दे. काय करावं ते मला सुचत नाही, बाई. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. एकदा वाटतं, वाच आणि मोकळी हो. लगेच वाटतं, माझ्या पाठच्या भावाला भरल्या सभेत मेला म्हणायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या? तुझ्या बापाला विचार. मेलाय तोच, त्यालाच विचारलेलं बरं.

रागात असलीस तरी उत्तर लिही. लोभाचं नंतर बघू.

आत्या


चिंचोळी
३ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षा बाळास,
बाबाचे आशीर्वाद.

आक्काचा आवाज ऐकून पयलं वाटलं दाजीस्नी काय झालं का. मग कळलं, गेलो त्यो मीच. मग चहा केला, घेतला. म्हणलं, चहा लागतोय म्हंजी जित्ता हाय.

पाळीवर गड्यास्नी सांगितलं तर हसून हसून लोळायला लागली. सुपरवायझर म्हणला, अभिमन्यू, मेलेल्या माणसाचा ओव्हरटाइम लावता येत न्हाय बघ. म्हणलं, साहेब, जित्त्याचा तरी कुटं येळेवर लावताय?

बाळ, तू वाच. मनाला लावून घेऊ नगंस. कागदावर लिवल्यानं माणूस मरत न्हाय. तुजी आई गेली तवा आपल्याला कुणी काय दिलं न्हाय. मी गेलो तर तुजं तीन वर्सांचं शिक्षण हुतंय. सौदा वाईट न्हाय की. तीन वर्सं मी मरून राहतो, तू पास झालीस की उठतो.

मी कार्यक्रमाला येत न्हाय. मी आलो तर तुजी जीभ अडखळंल. शर्ट घडी करून ठिवलाय, त्यो काय नासत न्हाय. आक्काला रागावू नगंस, ती लई रडली.

जेवण करत जा. दुसऱ्या रविवारी येऊ का नगं त्ये सरांना इचारून कळव, मेल्यावर भेटायचा नियम काय हाय म्हाईत न्हाय.

तुजा,
बाबा


सोलापूर
१५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

राग गेला. बाबांचं पत्र वाचून तुझ्यावर रागवायला त्राणच उरलं नाही.

काल कार्यक्रम झाला. मी ठरवून गेले होते की ते एक वाक्य गिळून टाकायचं. बाकी भाषण शब्दाला शब्द वाचायचं. एक वाक्य कमी झालेलं कुणाला कळणार होतं? पण माझ्यावर सोडतील तर ते सिद्धराम सर कसले! माझी ओळख करून देताना त्यांनीच रुमाल काढून डोळे पुसले. त्यांनी माझी आई सांगितली, मग माझे वडील सांगितले, आणि या पोरक्या लेकीच्या दिवंगत मातापित्यांसाठी आपण एक मिनिट स्तब्ध उभे राहू या, असं म्हणाले.

सगळा हॉल उठला. विश्वस्त उठले, पहिल्या रांगेत सुंदरम्मा काठीवर जोर देऊन उठल्या. मी स्टेजवर हात जोडून उभी. समोर बघवेना म्हणून लांब दाराकडे बघितलं, तर तिथं बाबा. येणार नव्हते ते आले होते. कुणी ओळखू नये म्हणून पांढरा शर्ट नाही, कारखान्याचा निळाच घातलेला. पाणी वाटणाऱ्या माणसांच्या मागे उभे होते. आत्या, सगळ्यांसारखी त्यांनीही मान खाली घातली होती आणि हात जोडले होते. स्वतःसाठी. आईसाठी असतील तर ठाऊक नाही, पण मला ते बघवलं नाही.

मिनिट संपलं, सगळे बसले. बाबा तसेच उभे. डोळे मिटलेले, संपलं ते त्यांना कळलंच नव्हतं. मी माइकपाशी आले, हातात कागद होता, पहिला शब्द 'आदरणीय' होता. तोंडातून आलं, बाबा, बसा आता, रात्रपाळी करून आलाय, पाय दुखत असतील.

ठरवून नाही गं बोलले. घरी बोलते तसं आलं. सगळ्या माना मागे वळल्या. बाबांनी डोळे उघडले आणि चोरी पकडल्यासारखे मलाच हातानं गप्प बस म्हणून खुणावू लागले. पाणी वाटणाऱ्या एकानं त्यांना खुर्ची दिली. मग मी उरलेलं भाषण वाचलं. एक शब्द बदलला नाही, नियमाप्रमाणे. छत्र हरपल्याचं वाक्यही आलं, तेव्हा मागच्या रांगा हसल्या. टाळ्या नाजनीननं सुरू केल्या. तिचे अब्बा बाहेर रिक्षात बसून होते. कागदोपत्री अंथरुणाला खिळल्यामुळे त्यांना आत येता येईना.

नंतर सुंदरम्मांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला वाटलं होतं, सिनेमात असतं तसं त्या मला जवळ घेतील. तसलं काही नाही. त्या माझ्यावर चांगल्याच भडकल्या होत्या. म्हणाल्या, मी तुझ्या बापासाठी आत्ता रडले, ते रडणं मला परत कोण देणार? मग काठी बाबांकडे रोखली. आणि मला म्हणाल्या, तुला बाप आहे, मग माझे पैसे तू कशाला घेतेस? जिला नाही तिला देईन. आणि आत्या, खरं सांगू, मला ते पटलं. इतक्या दिवसांत नियमाचं नाव न घेता कुणीतरी सरळ बोललं.

आज सकाळी प्रतिष्ठानची नोटीस आली. माझ्या वर्तनानं संस्थेच्या प्रतिमेस बाधा आली, लेखी खुलासा द्यावा. मी दिला. तुला उतरवून पाठवते: "माझे वडील हयात आहेत, ही बाब मी प्रवेश अर्जात नमूद केली होती. ते कार्यक्रमास हयात अवस्थेत उपस्थित राहिल्याने जी गैरसोय झाली, तिचा मला खेद आहे. यापुढेही ते हयात राहतील अशी अपेक्षा आहे."

आता काय होईल ते होवो. भीती वाटते आहे, हे फक्त तुला सांगते.

लोभ असू दे. यावेळी त्यात चेष्टा नाही.

तुझी,
उत्कर्षा


कुर्डुवाडी
२१ सप्टेंबर २०२५

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

मोठ्या माणसानं सांगायचं असतं म्हणून सांगते, माफी मागून टाक, त्यांचे उपकार आहेत, पाण्यात राहून असं वागू नये. सांगून झालं. आता तुझा खुलासा मी काल शेजारच्या तीन बायकांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवला आणि आतोबांनी तो परत एकदा वाचायला लावला. ते म्हणाले की वर्कशॉपमध्ये एवढी वर्षं काढली, पण असा खुलासा द्यायची आपली छाती झाली नाही.

शिष्यवृत्ती गेली तर काय, हा प्रश्न मलाही झोपू देत नाही. इकडं ये. इथून सोलापूरला सकाळची गाडी आहे, डबा मी देईन. सासूबाई नावं ठेवतील, पण त्या सगळ्यांनाच ठेवतात, तुला वेगळं वागवलं असं वाटणार नाही. नाहीतर बापाजवळ राहा. इतके महिने एका बसच्या अंतरावर असून बाकावर बसून भेटलात, पुरे झालं.

घाबरू नकोस. घाबरायचं काम माझ्याकडे दे, मी दिवसभर घरीच असते.

तुझी आत्या,
वैजयंती


चिंचोळी
१२ ऑक्टोबर २०२५

ती. वैजयंती आक्कास,
अभिमन्यूचा नमस्कार.

पोरगी खोलीवर आली. शिष्यवृत्ती बंद झाली, वसतिगृह सोडायला लावलं. पेटी, गादी आणि पुस्तकं नाजनीनच्या अब्बांनी रिक्षातनं आणून दिली, भाडं घेतलं न्हाय. म्हणले, मी अंथरुणाला खिळलेला माणूस, मला भाडं कसलं? फी हप्त्यानं भरायला कालेज तयार झालंय. उत्कर्षा सकाळच्या बसनं जाती, सांजच्याला हितल्या दोन पोरींची गणितं घेती. लई दमती. पर रात्री जेवताना बोलत बसती, त्ये मला लई दिवसांनी ऐकायला मिळालं.

दाजीस्नी सांग, तिनं तुमच्याकडं यायचं म्हणलं हुतं, पर मीच म्हणलं, हितं ऱ्हा.

आता खरं लिवायचं त्ये लिवतो. काल सिद्धराम सर सोता खोलीवर आले हुते. बसायला खुर्ची न्हाय, गादीवरच बसले. बिचाऱ्याचा चेहरा उतरला हुता. विश्वस्तांनी त्यास्नी इचारलंय, जित्ता माणूस मेला कसा लिवला? तर सरांनी एक तोडगा काढलाय. म्हणले, फॉर्म भरताना वडील बेपत्ता हुते असं आपण लिवू. घर सोडून गेले हुते, पत्त्या न्हवता, म्हणून वारले असं वाटलं, आता परत आले. तुमी एक सही करा. मंग माजी चूक न्हाय, पोरीची चूक न्हाय, आणि आता नव्यानं आलेल्या एका देणगीतनं तिची शिष्यवृत्ती पुना सुरू करतो. खरंच करणार हुते, आक्का. माणूस वाईट न्हाय.

कागद तयार हुता, पेन बी त्यांनीच दिलं. मी घेतलं बी. उत्कर्षा चहा टाकत हुती, तिनं मागं वळून बघितलं न्हाय. तीन वर्सांचं शिक्षण एका सहीत हुतं. मी आदी मरायला तयार झालो हुतो त्ये तुला म्हाईत हाय, मग ह्ये तर त्याच्याहून सोपं.

पर हात चालंना. सरांना म्हणलं, सर, मेला म्हणलासा तवा मी गप बसलो. मेलेल्याचा काय दोष नसतो, त्याला जावं लागतं. पर बेपत्ता म्हंजी पोरगी टाकून गेलेला बाप. तिला कडेवर घिऊन आलो त्या दिसापास्नं रातपाळी सोडली तर मी एक रात बी हिला सोडून कुटं गेलो न्हाय, तुमीच नेली तेवढीच. त्यात भरल्या हॉलात पोरीनं मला बाबा बसा म्हणलंय. आता मी बेपत्ता कसा हुईन? मी हितंच हुतो, सर. त्येवढं लिवा.

सरांनी कागद घडी करून खिशात घातला. उत्कर्षानं चहा दिला, त्यो समदा प्याले आणि गेले.

बाकी मी खुशाल हाय. तुमी समदी खुशाल असावी.

तुजा भाऊ,
अभिमन्यू